बीडमध्ये ‘ब्रंच’: अकरा वाजताच्या कॅफेत कोण बसू शकतं आणि कोण नाही?

रविवारी सकाळी अकराच्या सुमारास बीडच्या बसस्थानकाबाहेर उभं राहिलात, तर दोन वेगळी शहरं दिसतात.

पहिलं शहर रस्त्याच्या पातळीवर आहे. हॉटेलच्या दारात कढई, कढईत भजी, शेजारी पोह्यांचा डोंगर, आत लोखंडी पायांची टेबलं आणि टेबलांवर चहाचे कट. गिऱ्हाईक जवळजवळ सगळे पुरुष. दुसरं शहर पहिल्या मजल्यावर आहे. अरुंद जिना, काचेचं दार, भिंतीवर प्लास्टिकची हिरवी वेल, पिवळे दिवे आणि मेन्यूकार्डवर कोल्ड कॉफी, पेरी पेरी फ्राईज, चीज मॅगी, ग्रिल्ड सँडविच. काही मेन्यूंवर आता ‘ब्रंच कॉम्बो’ असाही शब्द दिसू लागलाय. इथे मुली दिसतात. तिघी-चौघींचे ग्रुप, वाढदिवसाचा केक घेऊन आलेले क्लासमधले मित्र-मैत्रिणी, लॅपटॉप उघडून बसलेला एखादा ‘वर्क फ्रॉम होम’वाला. आणि कोपऱ्यात अर्थातच एखादं जोडपं.

या कोपऱ्यातल्या जोडप्यामुळेच कॅफे हा विषय महाराष्ट्रातल्या छोट्या शहरांत खाण्यापिण्याच्या पानावरून गुन्ह्यांच्या पानावर गेला आहे. कॅफेवर छापा, पडदे काढले, पालकांना बोलावून समज दिली, अशा बातम्या राज्यातल्या वेगवेगळ्या शहरांतून येत असतात.

मग प्रश्न असा की, बीडसारख्या जिल्ह्यात कॅफे आले कुठून, ते चालतात कसे, त्यांच्यावरून वाद का होतो, कायदा काय सांगतो आणि या वादाची किंमत शेवटी कोण मोजतं? एकेक करून पाहू.

ब्रंच म्हणजे नेमकं काय?

शब्द इंग्रजांचा आहे. गाय बेरिंजर या ब्रिटिश लेखकाने १८९५ मध्ये लिहिलेल्या एका लेखात ब्रंचची बाजू मांडली होती. त्याचं म्हणणं थोडक्यात असं की, शनिवारी रात्री उशिरापर्यंत मजा करणाऱ्या माणसाला रविवारी सकाळी लवकर उठवू नका. नाश्ता आणि जेवण एकत्र करून त्याला अकरा-बारा वाजता निवांत खाऊ द्या.

अकरा वाजता खाणं बीडला नवीन नाही. पहाटे उठून रानात गेलेला माणूस याच वेळेला भाकरीचं फडकं सोडतो, त्याला आपण न्याहारी म्हणतो. दसरा-दिवाळीनंतर बीड जिल्ह्यातून लाखो लोक ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकात जातात. त्यांच्यातल्या बाया पहाटे तीन-चारला उठून भाकरी थापतात आणि ती भाकरी सकाळी फडात बसून खाल्ली जाते. वेळ तीच, पण त्याला कुणी ब्रंच म्हणणार नाही.

न्याहारी भुकेसाठी असते. ब्रंचमध्ये भूक दुय्यम असते आणि निवांत बसणं महत्त्वाचं. आपल्याकडे दोन तास मोकळे आहेत आणि ते आपण कुणाबरोबर तरी बसून घालवणार आहोत, हे त्यात गृहीत असतं. म्हणून ब्रंचची चर्चा लवकरच खाण्यावरून ‘बसण्या’वर घसरते. आणि बसायला कुणाला परवानगी आहे, हा प्रश्न आपल्याकडे कधीच साधा नव्हता.

आधी ‘हॉटेल’ होतं, मग कॅफे का लागला?

मराठवाड्यात हॉटेल म्हणजे राहण्याची जागा नव्हे. हॉटेल म्हणजे चहा, भजी, पोहे, सुशीला, मिसळ मिळण्याचं ठिकाण. गावातलं राजकारण, सोयरिकी, जमिनीचे व्यवहार, कारखान्याच्या पहिल्या उचलीवरचे वाद हे सगळं तिथे चालतं. पण ही जागा पुरुषांची. बाईमाणूस तिथे गेलंच तर एसटीची वाट बघताना, सोबत कुणीतरी असताना आणि चहा संपेपर्यंतच.

यावर जुन्या हॉटेलांनी एक तोडगा काढला होता: ‘फॅमिली रूम’. मुंबई-पुण्याच्या इराणी हॉटेलांत, उडुपी हॉटेलांत आणि तालुक्याच्या ठिकाणच्या खानावळींतही लाकडी फळ्यांचा आडोसा करून किंवा पडदा लावून वेगळ्या खोल्या केलेल्या असायच्या. बायका-मुलांना घेऊन आलेल्या माणसाने तिथे बसायचं. बाहेरच्यांच्या नजरा लागू नयेत, म्हणून पडदा. तेव्हा हा पडदा सभ्यपणाची खूण होता.

आज तोच पडदा कॅफेत लागला की संशयाची खूण ठरतो. वस्तू तीच आहे. फरक इतकाच की, तेव्हा पडद्यामागे कोण बसणार हे कुटुंब ठरवत होतं, आता ते बसणारी मुलगी स्वतः ठरवते. कॅफेच्या वादाचं मूळ बऱ्याच अंशी इथे आहे.

कॅफे मुलींना का आवडतो, याची कारणं मात्र रोमान्सपेक्षा बरीच साधी आहेत. कॉलेजात असताना आम्ही तिघी मैत्रिणी दोन तासांच्या मधल्या वेळात बसायला जागा शोधायचो, तेव्हा आमचे निकष तीनच होते. स्वच्छ बाथरूम आहे का, मोबाईल चार्जिंगला प्लग आहे का आणि शेजारच्या टेबलावरून कुणी टक लावून बघणार नाही ना. कॉफी कशी आहे, हे चौथ्या क्रमांकावर यायचं. बाहेरगावाहून एसटीने येणाऱ्या मुलीला तर क्लास सुटल्यापासून गाडी लागेपर्यंत थांबायला जागाच नसते.

मग कॅफे आत्ताच का वाढले?

२०११ च्या जनगणनेनुसार बीड जिल्ह्याची लोकसंख्या २५ लाख ८५ हजार आणि बीड शहराची सुमारे १ लाख ४७ हजार होती. म्हणजे जिल्हा मोठा, शहर त्या मानाने छोटं. पण शिक्षणासाठी शहरात येणारी मुलं फक्त शहरातली नसतात. बीडमधली कॉलेजं, नीट आणि स्पर्धा परीक्षांचे क्लास, अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय यांच्यामुळे हजारो तरुण मुलं-मुली घरापासून दूर, खोली करून राहतात. खोलीवर मित्राला किंवा मैत्रिणीला बोलवायची सोय नसते. घरमालक चालू देत नाही. मग भेटायचं कुठे?

दुसरं कारण मोबाईल. कॅफेची जाहिरात आता गिऱ्हाईकच करतं. पिवळा दिवा, वेलीची भिंत आणि कॉफीच्या फेसावरचं बदाम, एवढ्यावर एक रील तयार होतं. २०१६ मध्ये सुरू झालेल्या यूपीआयमुळे खिशात रोकड नसली तरी ऐंशी रुपयांची कॉफी घेता येते.

तिसरं कारण रोजगार. पदवी आहे, भरती निघत नाही, शेतीत वाटणी झालेली, अशा पोराला घरचे विचारतात, धंदा टाक. कॅफेला मोठं स्वयंपाकघर लागत नाही. एक मिक्सर, सँडविच ग्रिलर, फ्रायर, डीप फ्रीज आणि गाळा मिळाला की सुरुवात होते. बहुतेक ठिकाणी खरं कॉफी मशीनही नसतं, झटपट कॉफी पावडर आणि दूध एवढ्यावर काम भागतं. राज्य सरकारचा मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम २०१९ पासून सुरू आहे आणि त्यात प्रवर्ग आणि ठिकाणानुसार प्रकल्प खर्चाच्या १५ ते ३५ टक्के अनुदान मिळतं. अशा योजनांमुळे बँकेच्या दारात जायचं धाडस वाढलं.

आणि चौथं कारण, शहराला बाहेरच्या जगाशी जोडणारा रस्ता. धुळे-सोलापूर राष्ट्रीय महामार्ग बीडवरून जातो. १७ सप्टेंबर २०२५ रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, अहिल्यानगर ते बीड पहिली रेल्वे धावली. अहिल्यानगर-बीड-परळी या २६१ किलोमीटरच्या मार्गाची वाट बीडकरांनी कित्येक दशकं पाहिली होती. पुण्याला शिकून, तिथल्या सवयी घेऊन परत येणारी पिढी आधीपासून होती, आता येणं-जाणं आणखी वाढणार.

कॅफे कॉफीवर चालतो का?

नाही. आणि हे समजलं की पडद्याचं अर्थकारणही समजतं.

एक काल्पनिक हिशोब करू. समजा कॅफेत १० टेबलं आहेत. भाडं, दोन पोरांचे पगार, वीज, गॅस आणि कर्जाचा हप्ता धरून रोजचा ठरलेला खर्च ३,००० रुपये. कोल्ड कॉफी ८० रुपयांना, तिचा कच्चा माल ३५ रुपयांचा. म्हणजे एका कॉफीमागे ४५ रुपये सुटतात. दोघं जण बसले आणि दोन कॉफी घेतल्या, तर एका बैठकीमागे ९० रुपये. ३,००० रुपये भरून निघायला दिवसाला ३४ बैठका लागतात.

आता गिऱ्हाईक एका कॉफीवर दोन तास बसतं. छोट्या शहरात खरी गर्दी असते ती सकाळी ११ ते दुपारी ४, म्हणजे ५ तास. एका टेबलावर अडीच बैठका, १० टेबलांवर २५. गरज ३४ ची, होतात २५. कॅफे तोट्यात.

यातून सुटायचे दोन रस्ते आहेत.

पहिला रस्ता म्हणजे ब्रंच. त्याच दोघांनी सँडविच, फ्राईज आणि कॉफी असं मिळून ३२० रुपयांचं खाल्लं आणि कच्चा माल १४० रुपयांचा धरला, तर बैठकीमागे १८० रुपये सुटतात. मग दिवसाला १७ बैठकांत खर्च निघतो. २५ होतात, म्हणजे नफा. मेन्यूवर ‘ब्रंच कॉम्बो’ येतो तो फॅशनपेक्षा या हिशोबामुळे.

दुसरा रस्ता सोपा आहे. कॉफी तीच ठेवायची, पण आडोसा विकायचा. छोटे कंपार्टमेंट, पडदा आणि तासावर पैसे. खाण्याच्या दर्जावर मेहनत नको, स्वयंपाकी नको. जिथे तरुणांना भेटायला दुसरी जागाच नाही, तिथे आडोशाला भाव मिळतो. बदनाम होतो तो हा दुसरा रस्ता, पण शिक्का बसतो दोन्ही प्रकारच्या कॅफेंवर.

कराचंही गणित इथेच पाहून घेऊ. रेस्टॉरंटवर ५ टक्के जीएसटी आहे, पण कच्च्या मालावर भरलेला कर मालकाला वजा करून मिळत नाही. म्हणून २२ सप्टेंबर २०२५ पासून लोणी आणि चीजवरचा कर १२ वरून ५ टक्क्यांवर आला, पाकीटबंद पनीरवरचा शून्य झाला आणि झटपट कॉफीवरचा १८ वरून ५ वर आला, तेव्हा कॅफेवाल्याच्या खर्चात खरीखुरी बचत झाली. तुमच्या बिलात ती उतरली का, हे मात्र जुनं मेन्यूकार्ड काढून बघावं लागेल.

वर्षाची उलाढाल २० लाखांच्या वर गेली की जीएसटी नोंदणी करावी लागते. वरच्या हिशोबात रोज २५ बैठका आणि ३२० रुपयांचं बिल धरलं तर उलाढाल वर्षाला सुमारे २९ लाख होते, म्हणजे चालणारा कॅफे नोंदणीच्या कक्षेत येतोच. दीड कोटीपर्यंत उलाढाल असलेला मालक कंपोझिशन योजना घेऊ शकतो. तशी घेतली असेल तर ५ टक्के कर त्याने स्वतःच्या खिशातून भरायचा असतो, बिलात लावून तुमच्याकडून घेता येत नाही. आणि सर्व्हिस चार्ज सक्तीचा नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये तसं स्पष्ट केलं आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते उचलून धरलं.

वाद नेमका कधी पेटतो?

अलीकडच्या दोन घटना लक्षात ठेवाव्यात अशा आहेत.

मे २०२४ मध्ये सांगलीत कॅफेमध्ये एका विद्यार्थिनीवर अत्याचार झाल्याची तक्रार आली. तक्रार गंभीर होती, तपास व्हायलाच हवा होता. पण त्यानंतर एका संघटनेचे कार्यकर्ते शहरातल्या कॅफेंमध्ये घुसले आणि त्यांनी तोडफोड केली. आरोप होता एका व्यक्तीवर, खुर्च्या मोडल्या इतरांच्या.

दुसरी घटना जळगाव जिल्ह्यातल्या जामनेरची. ११ ऑगस्ट २०२५ रोजी विशीतल्या एका तरुणाला कॅफेतून उचलून नेण्यात आलं. तो वेगळ्या धर्माच्या मुलीसोबत बसला होता. त्याला जबर मारहाण झाली आणि त्यात त्याचा मृत्यू झाला. खुनाचा गुन्हा दाखल झाला, अटका झाल्या.

म्हणजे कॅफेत बसणं या विषयावर महाराष्ट्रात एक जीव गेला आहे. बीड आणि जामनेर यांच्यात अंतर आहे, पण परिस्थितीत फार फरक नाही. छोटं शहर, सगळे एकमेकांना ओळखतात, कोण कुणाबरोबर बसलंय याचा फोटो पाच मिनिटांत व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो. त्यात बीडमध्ये गेल्या काही वर्षांत जातीय ताण वाढलेला आहे. ३० ऑक्टोबर २०२३ ला मराठा आरक्षण आंदोलनादरम्यान जिल्ह्यात जाळपोळ झाली, नेत्यांची घरं पेटली, बीड शहरातलं एक हॉटेलही जळालं आणि संचारबंदी लावावी लागली. अशा वातावरणात ‘तो कोणत्या जातीचा, ती कोणत्या जातीची’ हा प्रश्न कॅफेच्या टेबलापर्यंत यायला वेळ लागत नाही.

कायदा काय सांगतो?

सर्वात आधी, अन्न सुरक्षा कायद्याच्या नजरेत कॅफे आणि चहाची टपरी यांत फरक नाही. २००६ च्या कायद्यानुसार दोघंही अन्न व्यावसायिक. उलाढालीप्रमाणे नोंदणी किंवा परवाना घ्यायचा आणि तो दिसेल असा लावायचा. स्वच्छता, शिळं अन्न, भेसळ हे तपासायचं काम अन्न व औषध प्रशासनाचं.

दोन सज्ञान व्यक्तींनी कॅफेत एकत्र बसणं हा गुन्हा नाही. वय १८ पूर्ण असेल, तर सोबत कोण आहे, कोणत्या जातीचं, कोणत्या धर्माचं, लग्न झालंय का, हे विचारायचा अधिकार मालकाला, शेजारच्या टेबलाला किंवा कोणत्याही संघटनेला नाही. खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी दिला आहे.

कारवाई होते ती बहुतेकदा दोन कलमांखाली. महाराष्ट्र पोलीस कायद्याचं कलम ११० सार्वजनिक ठिकाणच्या असभ्य वर्तनाबद्दल आहे, त्यात दंड होतो. भारतीय न्याय संहितेचं कलम २९६ सार्वजनिक ठिकाणी, इतरांना त्रास होईल अशा अश्लील कृत्याबद्दल आहे. दोन्हींमध्ये ‘वर्तन’ किंवा ‘कृत्य’ हा शब्द महत्त्वाचा. नुसतं बसणं, हात धरणं, बोलणं यात बसत नाही. ऑगस्ट २०१५ मध्ये मुंबईच्या मढ-अक्सा भागात पोलिसांनी हॉटेलच्या खोल्यांमधून सुमारे ४० जोडप्यांना ताब्यात घेऊन याच पोलीस कायद्याखाली कारवाई केली होती. बंद खोली सार्वजनिक कशी, असा प्रश्न देशभर विचारला गेला आणि पोलीस आयुक्तांना चौकशीचे आदेश द्यावे लागले.

पोलिसांनी संस्कृतिरक्षण करायचं नाही, हेही सर्वोच्च न्यायालयाने सांगून झालंय. २००१ मध्ये, गरब्याच्या दिवसांत, वडोदऱ्यात केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाच्या एका जवानाने आपल्या होणाऱ्या बायकोसोबत जाणाऱ्या तरुणाला अडवून त्रास दिला. त्या जवानाला नोकरीवरून काढलं गेलं. डिसेंबर २०२२ मध्ये ही बडतर्फी कायम करताना न्यायालयाने नैतिक पोलीसगिरी हे पोलिसांचं काम नाही, असं नमूद केलं.

आणखी एक नियम मुलींना माहीत असायला हवा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७९ नुसार साक्षीदार म्हणून चौकशी करायची असेल, तर महिलेला पोलीस ठाण्यात येण्याची सक्ती करता येत नाही. ती जिथे राहते तिथे जाऊन चौकशी करायची असते.

पण अल्पवयीन मुलांचं काय?

ही काळजी खरी आहे आणि तिला ‘जुनाट विचार’ म्हणून उडवून लावता येणार नाही. अकरावी-बारावीची बहुतेक मुलं १८ च्या आतली असतात. पोक्सो कायद्यात १८ वर्षांखालच्या मुला-मुलीची संमती ग्राह्य धरली जात नाही. आडोशाच्या जागेत फसवणूक, चोरून चित्रीकरण आणि मग धमकी असे प्रकार घडतात. पोक्सोच्या कलम १९ नुसार असा गुन्हा घडल्याचं माहीत असलेल्या प्रत्येकावर तो कळवण्याची जबाबदारी आहे, त्यात कॅफेमालकही आला. बघून न बघितल्यासारखं केलं तर तोही अडकतो.

पण धोका फक्त कॅफेत असतो का? जून २०२५ च्या अखेरीस बीड शहरातल्या एका खासगी क्लासच्या दोन शिक्षकांवर अल्पवयीन विद्यार्थिनीच्या लैंगिक छळाप्रकरणी पोक्सोखाली गुन्हा दाखल झाला. प्रकरण विधिमंडळात गाजलं आणि मुख्यमंत्र्यांनी विशेष तपास पथकाची घोषणा केली. ज्या जागेवर आई-वडिलांनी डोळे झाकून विश्वास ठेवला, फी भरून मुलीला पाठवलं, ती ही जागा होती. पण म्हणून ‘क्लास बंद करा’ असं कुणी म्हटलं नाही. दोषींना पकडा, असं म्हटलं, आणि ते बरोबरच होतं. कॅफेच्या बाबतीत मात्र आपण दोषीला पकडण्याऐवजी जागाच बंद करायला निघतो.

जागा बंद झाली की काय होतं? भेटणारी मुलं भेटायची थांबत नाहीत. ती शहराबाहेरच्या डोंगरात, बंद पडलेल्या इमारतीत, कुणाच्या तरी मित्राच्या खोलीवर भेटतात. तिथे ना काचेचं दार असतं, ना काउंटरवर कुणी बसलेलं, ना ओरडलं तर ऐकू जाईल असं शेजारचं टेबल. मुलीच्या सुरक्षिततेचा विचार केला, तर दहा लोकांच्या नजरेतला कॅफे त्यापेक्षा कितीतरी बरा.

मग किंमत कोण मोजतं?

छापा पडला की मुलगा घरी जातो, चार शिव्या खातो आणि आठवड्याने पुन्हा चौकात दिसतो. मुलीचं तसं होत नाही. तिचं कॉलेज बंद होतं.

बीडमध्ये या वाक्याचा अर्थ काय होतो, हे सांगणारा एक आकडा आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत बीड जिल्ह्यातल्या २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी ४३.७ टक्के स्त्रियांचं लग्न १८ च्या आत झाल्याचं दिसलं. राज्याचं प्रमाण होतं २१.९ टक्के. म्हणजे बीडचं प्रमाण जवळपास दुप्पट. हाच तो जिल्हा, जिथे २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांखालच्या १,००० मुलांमागे ८०७ मुली होत्या.

बालविवाहाची कारणं अनेक आहेत. ऊसतोडीचं स्थलांतर, गरिबी, हुंडा, मुलीला मागे कुणाच्या भरवशावर ठेवायचं ही चिंता. पण त्यात एक कारण पुन्हा पुन्हा ऐकू येतं: ‘उद्या काही झालं तर तोंड दाखवायला जागा उरणार नाही.’ हे ‘काही झालं तर’ म्हणजे बहुतेक वेळा मुलगी कुणाशी तरी बोलताना दिसली, इतकंच असतं. कॅफेवरचा छापा, पालकांना फोन, त्याचा व्हिडिओ यातून ही भीती खरी ठरते. ज्या बापाने गावकीचं ऐकून न घेता मुलीला तालुक्याला शिकायला पाठवलं, त्याच्याकडे मग उत्तर उरत नाही. आणि फटका फक्त पकडलेल्या मुलीला बसत नाही. त्या गावातून दुसऱ्या दिवशी एसटीत बसणाऱ्या, कॅफेत कधीच न गेलेल्या पाच मुलींची चौकशी सुरू होते.

१८ च्या आतल्या मुलीला वाचवायचं म्हणून केलेली कारवाई तिला १८ च्या आत बोहल्यावर उभी करत असेल, तर ती कारवाई तपासून बघायला हवी.

मग करायचं काय?

पडदे आणि बंद कंपार्टमेंट काढायला कुणाचीच हरकत नसावी. चांगल्या कॅफेमालकांची तर नाहीच, कारण आडोसा विकणारा शेजारी त्यांचाही धंदा बुडवतो. दर्शनी भागात काच, काउंटरवरून सगळी टेबलं दिसतील अशी मांडणी, प्रवेशाच्या जागी आणि काउंटरवर कॅमेरा, दर्शनी भागात ११२ आणि बालकांसाठीचा १०९८ हे क्रमांक. एवढं केलं तरी बरंच काम होतं.

पोलिसांनी तपासणी करावी, पण ती मालकाची. अन्न परवाना आहे का, तासावर जागा विकली जाते का, चोरून चित्रीकरणाची सोय आहे का. गिऱ्हाइकांच्या वयाबद्दल शंका असेल तर महिला पोलिसांनी शांतपणे बोलावं आणि मोबाईल कॅमेरे बाहेर ठेवावेत. अल्पवयीन मुलगी सापडली तर तिची ओळख उघड करणं हा स्वतःच गुन्हा ठरू शकतो, हे पोलिसांनी आणि आम्हा पत्रकारांनीही लक्षात ठेवायला हवं. तोडफोड करणाऱ्यांवर तोडफोडीचा गुन्हा लावला, तर पुढच्या वेळी गर्दी कमी होईल.

आणि सर्वात मोठं काम नगरपरिषदेचं आणि कॉलेजांचं आहे. रात्री उशिरापर्यंत चालणारी अभ्यासिका, मुलींसाठी स्वच्छ स्वच्छतागृह, बसण्यासारखी बाग, बसस्थानकावर वेगळा प्रतीक्षाकक्ष. मोकळ्या वेळेत बसायला फुकटची, सुरक्षित जागा मिळाली, तर ऐंशी रुपयांची कॉफी फक्त आवडीने प्यायली जाईल.

कॅफेवाल्यांनाही एक सुचवावंसं वाटतं. पेरी पेरी मसाला सगळीकडे मिळतो. बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन आहे. दसऱ्याच्या आसपास बालाघाटच्या डोंगरातून पाट्या भरून सीताफळं शहरात येतात. त्या दिवसांत सीताफळाचं शेक आणि सोबत गरम सुशीला असा ब्रंच कुणी ठेवला, तर रविवारी अकरा वाजता लेकीसोबत आईही जिना चढून वर येईल. ज्या टेबलावर आई एकदा बसून गेली, त्या टेबलाबद्दल घरी सांगणं मुलीला बरंच सोपं जातं.